रोजच्या वाटेवरून दोनशे किलोमीटर

पुण्याला ‘सायकलींचं शहर’ म्हणत, त्या काळी सायकल हा कुणाचा छंद नव्हता. खडकीचा दारूगोळा कारखाना, पिंपरीची हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, पेठांतल्या शाळा आणि डेक्कनची कॉलेजं, सगळीकडे माणसं सायकलनेच पोचत. सायकलला बिल्ला लागे. रात्री दिवा नसला की पोलीस अडवत आणि डबलसीट सापडलं तर हवा सोडून देत. उंची पुरत नसलेली पोरं नळीतून पाय घालून सायकल शिकत. मग १९७२ मध्ये कायनेटिकची लुना आली, आकुर्डीहून बजाजच्या स्कूटरी येऊ लागल्या आणि नंबर लावून वर्षानुवर्षं त्यांची वाट बघणारी कुटुंबं सायकल जिन्याखाली लावून मोकळी झाली. २०१८ पर्यंत शहरातल्या नोंदणीकृत वाहनांचा आकडा लोकसंख्येच्याही पुढे गेला.

सायकल सुटली ती मुख्यतः मध्यमवर्गाची. इमारतीचा रखवालदार, पहाटेचा पेपरवाला, बांधकामावरचा गवंडी, धुणीभांडी करायला दोन-तीन सोसायट्या गाठणारी बाई यांच्यापैकी पुष्कळांनी ती कधी सोडलीच नाही. सुटीच्या दिवशी हेल्मेट घालून निघणारा गिअरवाला सायकलस्वार आज ज्या रस्त्याबद्दल तक्रार करतो, त्याच रस्त्यावरून ही माणसं वर्षाचे बारा महिने जात आहेत. सायकलमार्गांची चर्चा त्यांच्यापासून सुरू व्हायला हवी आणि ती तशी होत नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत मात्र सायकल सोडलेली मंडळी परत येऊ लागली आहेत. २०२० च्या टाळेबंदीनंतर तर दुकानांत गिअरच्या सायकलींसाठी थांबावं लागत होतं. परतणाऱ्यांत चाळिशी-पन्नाशीचे लोक बरेच असतात. कुणाला डॉक्टरांनी साखरेचा आकडा दाखवलेला असतो, कुणी सिग्नलला कंटाळलेला असतो. त्यांतल्या अनेकांना काही महिन्यांतच एक नवा शब्द भेटतो, ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल सवारी. २०० किलोमीटर, साडेतेरा तास. ऐकताना हा आकडा अचाट वाटतो. प्रत्यक्षात रोज ऑफिसला सायकलने जाणारा साधा, निरोगी माणूस चार-पाच महिन्यांत तिथवर पोचू शकतो. त्यासाठी वेगळं आयुष्य उभं करावं लागत नाही, रोजची वाटच बरंचसं काम करते.

सुरुवात जुन्या सायकलपासून झाली तरी चालते. पार्किंगमध्ये धूळ खात पडलेल्या सायकलचे टायर कडेने चिरलेले असतात, साखळी गंजून ताठ झालेली असते, ब्रेकचे रबर दगडासारखे झालेले असतात. गल्लीतल्या दुकानात ओव्हरहॉलिंग करून घ्यावं, चाकाचा रिम-आउट, म्हणजे वाकडेपणा, काढून घ्यावा, दोन्ही टायर-ट्यूब बदलाव्या. पहिले दोन महिने एवढी तयारी पुरते. महागडी कार्बनची सायकल घेऊन सुरुवात करणाऱ्यांपैकी अनेकांच्या सायकली वर्षभरात जुन्या बाजारात येतात. आपण किती वेळा आणि कुठल्या रस्त्याने जाणार, हे कळायच्या आत केलेली ती खरेदी असते.

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी करावी. सीटची उंची बघावी. भारतात बहुतेक लोक सीट फार खाली ठेवतात, कारण थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकले की धीर येतो. अशा सीटवर गुडघा प्रत्येक फेरीत गरजेपेक्षा जास्त वाकतो आणि वाटीमागे दाब येतो. घरच्या घरी करायची जुनी रीत अशी, की भिंतीला धरून सायकलवर बसावं, पायडल सगळ्यात खाली न्यावं आणि त्यावर टाच ठेवावी. गुडघा जेमतेम सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पायडल मारताना गुडघा थोडासाच वाकलेला राहतो. ही पाच मिनिटांची तपासणी अनेकांची गुडघेदुखी मुळातच टाळते.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत शरीर चकित करतं. आधी उड्डाणपुलाच्या चढावर धाप लागायची, ती लागेनाशी होते. यामागे साधं कारण आहे. नियमित व्यायाम सुरू झाला की पहिल्या पंधरवड्यातच रक्तातल्या द्रवाचं प्रमाण वाढू लागतं, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं आणि तोच चढ कमी ठोक्यांत निभतो. नेमका इथेच धोका असतो. हृदय आणि स्नायू लवकर सुधारतात, पण स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरा फार सावकाश बळकट होतात. त्यामुळे उत्साहाच्या भरात अंतर एकदम दुप्पट करणाऱ्याचा गुडघा बहुधा पाचव्या-सहाव्या आठवड्यात कुरकुरतो, दम तर खणखणीत असतो! आठवड्याचं एकूण अंतर सुमारे दहा टक्क्यांनी वाढवावं आणि दर चौथ्या आठवड्याला थोडं कमी करावं, असा एक प्रचलित ठोकताळा आहे. तो काही निसर्गनियम नाही, पण उतावळ्यांना आवर घालायला उपयोगी पडतो. चाळिशी ओलांडलेल्यांनी, विशेषतः रक्तदाब, मधुमेह किंवा घरात हृदयविकाराचा इतिहास असलेल्यांनी, आधी डॉक्टरांना दाखवून घ्यावं.

शहरात सायकल चालवणं हे दमाइतकंच नजरेचं काम आहे. नवा माणूस भीतीने रस्त्याच्या अगदी कडेला चिकटतो. तिथे ड्रेनेजची झाकणं, खडी, साचलेलं पाणी असतं आणि उभ्या मोटारींचे अचानक उघडणारे दरवाजेही असतात. कडेपासून हातभर आत, एका रेषेत, मागच्याला अंदाज येईल असं चालवणं जास्त सुरक्षित असतं. वळण्याआधी मागे बघावं, हात दाखवावा, मगच वळावं. बसच्या डाव्या बाजूने पुढे घुसू नये, कारण थांब्याकडे वळणाऱ्या चालकाला तिथला सायकलस्वार दिसत नाही. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवावा. पावसाळ्यात झेब्रा पट्ट्यांचा पांढरा रंग आणि लोखंडी झाकणं साबणासारखी निसरडी होतात, त्यांच्यावर ना ब्रेक दाबावा ना हँडल वळवावं.

हे सगळं सायकलस्वाराने शिकायचं, आणि शहराने काय करायचं? २००६ मध्ये स्वारगेट-कात्रज-हडपसर मार्गावर बीआरटी, म्हणजे स्वतंत्र मार्गिकेतली बससेवा, आली तेव्हा सोबत सायकलमार्गही आखले गेले. २०१७ च्या अखेरीस पुणे महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. आठशे किलोमीटरहून अधिक लांबीचं जाळं त्यात मांडलं आहे. त्याच सुमारास भाडेतत्त्वावरच्या रंगीत सायकली रस्त्यांवर आल्या आणि काही वर्षांत दिसेनाशा झाल्या. आज अनेक सायकलमार्गांवर मध्येच विजेचा खांब किंवा डीपी उभी असते, फरशा उखडलेल्या असतात, कुठे दुचाक्या लावलेल्या असतात तर कुठे चौकाच्या ऐन तोंडाशी मार्ग संपतो. जिथे सायकलस्वाराला संरक्षणाची सगळ्यात जास्त गरज असते तो म्हणजे चौक, आणि नेमका तिथेच त्याला वाऱ्यावर सोडलं जातं. आराखडा कागदावर चांगला आहे. तो रस्त्यावर उतरवला तर पहिला फायदा त्या रखवालदाराला आणि पेपरवाल्याला होईल, लांब पल्ल्याच्या हौशी मंडळींना त्यानंतर.

आता ब्रेव्हेकडे वळू. हा प्रकार फ्रान्समधून आला. १९०४ मध्ये स्थापन झालेला पॅरिसचा ओदाक्स क्लब जगभरातल्या या सवाऱ्यांना मान्यता देतो आणि भारतात ओदाक्स इंडिया रँदोनर्सच्या छत्राखाली पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर, कोल्हापूर अशा अनेक शहरांतले क्लब त्या भरवतात. पल्ले ठरलेले असतात. २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास, ३०० साठी २०, ४०० साठी २७ आणि ६०० साठी ४० तास. ही शर्यत नसते. पहिला-दुसरा क्रमांक काढत नाहीत. वेळेत आलेला प्रत्येक जण सारखाच. वाटेत ठरावीक ठिकाणी, ठरावीक वेळेच्या आत पोचल्याची नोंद करावी लागते. पंक्चर झालं तर स्वतः काढायचं, भूक लागली तर ढाब्यावर थांबायचं, मागे मदतीची गाडी फिरवायची नाही. हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा आणि चमकणारं जाकीट याबाबत मात्र आयोजक कडक असतात.

साडेतेरा तासांचं गणित एकदा कागदावर मांडलं की भीती निम्मी होते. सायकल चालू असताना ताशी सरासरी २० किलोमीटर वेग ठेवला तर चाकं फिरण्याचे तास होतात १०. उरले साडेतीन तास, त्यात नाश्ता, जेवण, चहा, पंक्चर, सावलीत टेकणं. ताशी २० हा वेग सपाटीवर मुळीच मोठा नाही. अवघड असतं ते दहा तास तो टिकवणं आणि थांब्यांवर वेळ सांडू न देणं. मिसळ सांगायची, फोटो काढायचे, ग्रुपवर टाकायचे, यात चाळीस मिनिटं कशी जातात ते कळत नाही आणि ती परत मिळवायची तर पायांवर जोर काढावा लागतो. तो जोर महागात पडतो, कारण हवेशी झुंजायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. ताशी २० वरून २५ वर गेलं की निव्वळ हवा कापायलाच जवळजवळ दुप्पट ताकद लागते. म्हणून अनुभवी मंडळी वेग वाढवण्यापेक्षा थांबे आखूड ठेवतात.

रोजची वाट उपयोगी पडते ती या टिकण्यासाठीच. समजा ऑफिस नऊ किलोमीटरवर आहे. आठवड्यातले चार दिवस सायकलने गेलं-आलं तर ७२ किलोमीटर होतात, तेही जेवढा वेळ नाहीतर गाडीत किंवा बसमध्ये गेलाच असता, जवळपास तेवढ्याच वेळात. जाताना सावकाश जावं, शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतकंच. येताना आठवड्यातून एकदा लांबचा किंवा चढाचा रस्ता धरावा. पाषाण-सूस किंवा चांदणी चौकाकडून घरी जाणाऱ्यांना हा चढ शोधावाही लागत नाही. पाठीवर बॅग घेण्यापेक्षा कॅरिअर बसवून तिथे बांधावी. ऑफिसात एक जोडी कपडे आणि टॉवेल ठेवला की घामाचा प्रश्नही सुटतो.

रविवार मात्र लांबच्या सवारीसाठी राखावा. आधी खडकवासल्यापर्यंत, मग पानशेतच्या बाजूने आणखी पुढे, मग सासवड-जेजुरी. ४० पासून ६०, ८०, १०० असं चढत जाऊन ब्रेव्हेच्या दोन-तीन आठवडे आधी १३० ते १४० किलोमीटरची एक सवारी झाली की बस. सरावात पूर्ण २०० करून बघायची गरज नसते, त्याने थकवाच साठतो. शेवटचा आठवडा हलका ठेवावा. याच आठवड्यात नवे बूट, नवी सीट किंवा नवी चड्डी वापरायचा मोह होतो, तो टाळावा.

महाराष्ट्रात लांबची सवारी म्हटली की घाट आलाच. ज्ञानेश्वर माउलींची पालखी ज्या दिवे घाटातून सासवडला जाते, तोच घाट पुण्यातल्या असंख्य सायकलस्वारांचा पहिला घाट असतो. त्यानंतर बोपदेव, मग सिंहगडाचा रस्ता. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढून जाणाऱ्याला ‘घाटांचा राजा’ हा वेगळा मान मिळतो, इतकं आपल्याकडे चढाला महत्त्व. नवखा माणूस घाटाच्या तोंडाशी वेगाने येतो, पहिल्या वळणावर उभा राहून पायडल मारतो आणि तिसऱ्या वळणावर उतरतो. चढ लागण्याआधीच गिअर हलका करायला हवा. जुन्या काळ्या सायकलचं पायडल एकदा फिरलं की सायकल साधारण पाच मीटर पुढे जाते. आजच्या गिअरच्या सायकलमध्ये पुढे आणि मागे सारख्याच दात्यांची चक्रं लावली तर एका फेरीत ती दोन मीटरच्या आसपासच सरकते. पाय भरभर फिरतो, पण गुडघ्यावर भार येत नाही. मिनिटाला ७०-८० फेऱ्या टिकवता आल्या तर तो गिअर बरोबर समजावा.

घाटात ताकद किती खर्च होते याची कल्पना मात्र लोक फुगवून करतात. ७५ किलोच्या माणसाने १५ किलोच्या सायकलसकट दोनशे मीटर उंची चढली तर त्या निव्वळ चढाला सुमारे १७० ते १८० कॅलरी लागतात, म्हणजे दोन केळ्यांचा ऐवज. दमवतो तो घाट चढण्याचा वेग.

आणि केळ्यांवरून आठवलं, २०० किलोमीटर जितके पायांनी होतात तितकेच पोटाने होतात. स्नायू आणि यकृतात मिळून साठवलेली साखर जोरकस श्रमाला दीड-दोन तासच पुरते. ती संपली की एकाएकी पाय जड होतात, डोकं सुन्न होतं, चिडचिड होते. सायकलवाले याला ‘बॉन्क झाला’ म्हणतात. एकदा तसं झालं की भरपेट खाऊनही सावरायला वेळ लागतो, म्हणून भूक लागायच्या आधी, दर अर्ध्या-पाऊण तासाने थोडं थोडं खायचं. ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं हे सर्वसाधारण प्रमाण आहे. एका मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम असतात. शेंगदाण्याची किंवा राजगिऱ्याची चिक्की, खजूर, गूळपोळी, साबुदाण्याची खिचडी हे आपलं खाणं या कामाला उत्तम आहे आणि परदेशी पाकिटांपेक्षा कितीतरी स्वस्त. वडापाव मात्र तेलामुळे पोटात बराच वेळ रेंगाळतो, शेवटच्या टप्प्यासाठी ठेवलेला बरा. पाण्यात मीठ-साखर-लिंबू घालावं. घाम भरपूर जात असताना तासन्‌तास नुसतं साधं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते पाणी कमी पडण्याइतकंच घातक ठरू शकतं.

बसण्याच्या जागेचं दुखणं लोक संकोचाने बोलत नाहीत, पण सवाऱ्या अर्ध्यावर सुटण्याचं ते मोठं कारण आहे. गादीची चड्डी आत दुसरं काही न घालता वापरायची असते, हे कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. कातडी घासत असेल तिथे आधीच व्हॅसलीन लावावं. सीट जितकी मऊ तितकी चांगली हा गैरसमज आहे. फार मऊ सीटमध्ये बसायची हाडं रुतून भलत्याच जागी दाब येतो. करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होत असेल तर तळहातातली नस दबते आहे, हाताची पकड सतत बदलावी. महिलांसाठी यात आणखी एक प्रश्न असतो आणि तो शरीराचा नाही. महामार्गावर स्वच्छ स्वच्छतागृह कुठे मिळेल याचा हिशेब त्यांना थांबे ठरवताना करावा लागतो, अनेक जणी त्यापायी पाणी कमी पितात. पुरुष आयोजकांनी नोंदीचे थांबे ठरवताना हे ध्यानात घ्यायला हवं.

पुण्याहून लांब पल्ल्याच्या अनेक सवाऱ्या दक्षिणेला साताऱ्याकडे जातात. पहाटेच्या अंधारात जुना कात्रज घाट चढून बोगदा ओलांडला की खेड-शिवापूर, कापूरहोळपर्यंत रस्ता उताराचा लागतो आणि पाय नको तितके हुरळतात. सारोळ्यानंतर नीरा नदी ओलांडली की शिरवळ, सातारा जिल्हा सुरू. खंडाळ्यानंतर खंबाटकी घाट आहे. वर्षानुवर्षं साताऱ्याकडे जाताना तो चढावाच लागे, येतानाची वाहतूक बोगद्यातून जाई. सुरूरहून वाईकडे वळणाऱ्यांपुढे पाचगणीला जायचं तर पसरणी घाट उभा असतो. परतीला ऊन डोक्यावर असतं, वारा समोरून आला तर वेग १५ वर येतो आणि कात्रजची चढण शेवटी पुन्हा वाट अडवते. महामार्गावर सगळ्यात जपायचं ते सेवा रस्ता मिळतो त्या जागी आणि ट्रकांच्या रांगेत. मुंबईकडे जायचं तर द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे, जुन्या महामार्गानेच जावं लागतं.

सामान थोडंच लागतं. दोन ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, पंप, पंक्चरचे पॅच, सोल्युशन. गिअरच्या अनेक सायकलींना बारीक तोंडाचा प्रेस्टा वॉल्व्ह असतो. हायवेवरच्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला बसत नाही, त्यासाठी पितळेचं छोटं अॅडाप्टर मिळतं. ते वॉल्व्हलाच लावून ठेवावं.

या वाटेवर कुठवर जाता येतं याचे दाखले महाराष्ट्रातच आहेत. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ जोडीने, नऊ दिवसांच्या आत पूर्ण करून आले. २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने पुरी केली. २०१८ मध्ये पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने विशीत सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवत पृथ्वीप्रदक्षिणा घातली. ही माणसं असामान्य आहेत हे खरंच, पण महाजन बंधू आणि समर्थ पेशाने डॉक्टर आहेत, त्यांनाही दिवसाकाठी काम होतंच.

आपल्याकडे सवाऱ्यांचा सुखाचा मोसम पावसाळा सरल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा. नोव्हेंबर-डिसेंबरची २०० गाठायची तर जूनच्या आधी सायकल दुरुस्त करून घ्यावी आणि पावसाळाभर शहरातली रोजची फेरी चालू ठेवावी. ब्रेव्हेनंतरच्या दोन दिवसांत पाय आखडतात, तेव्हा पडून राहण्यापेक्षा बाजारापर्यंत सावकाश एक चक्कर मारावी. साखळी पुसून तेल द्यावं, टायरमध्ये रुतलेल्या काचा चिमट्याने काढाव्या. पुढची ३०० करायची की नाही हे मात्र त्या आठवड्यात ठरवू नये. तिच्यासाठी रात्री सायकल चालवायची सवय लागते आणि ती तयारी आणखी दोनेक महिन्यांची आहे.